बेलोजची तपासणी आणि तिची नोंद

प्रश्न : वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्यात मी देखभाल विभागात आहे. आमच्या हीट एक्स्चेंजरच्या (एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या) शेलवर, म्हणजे ट्यूबांभोवतीच्या बाहेरच्या कवचावर, स्टेनलेस स्टीलच्या बेलोजचा (पातळ पत्र्याच्या वळ्यांच्या लवचीक नळीचा) एक्सपान्शन जॉइंट, म्हणजे तापल्याने होणारी वाढ सामावणारा जोड, आहे. दर शटडाउनला रजिस्टरमध्ये ‘जॉइंट सुस्थितीत’ एवढेच लिहिले जाते. ही नोंद पुरेशी आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पुरेशी नाही, कारण पुढच्या वर्षी तपासणाऱ्याला त्या दोन शब्दांशी आपली मापे ताडून पाहता येणार नाहीत. कार्बन स्टील मीटरमागे, प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. म्हणजे ४ मीटर लांबीच्या ट्यूबा शेलपेक्षा ६० अंशांनी अधिक तापल्या, तर जवळपास ३ मिलिमीटरचा फरक बेलोजने सामावून घ्यायचा असतो. तो घेतला गेला नाही, तर ट्यूबशीटच्या (ट्यूबांची टोके बसवलेल्या जाड चकतीच्या) जोडांवर ताण येतो. म्हणून बेलोजच्या दोन्ही बाजूंना शेलवर पक्क्या खुणा कराव्यात, परिघावर चार ठिकाणी त्यांमधील अंतर यंत्र थंड असताना आणि चालू असताना मोजावे, आणि त्यापुढे त्या वेळची तापमाने व दाब लिहावा. चारपैकी एकीकडचेच माप सरकले असेल, तर बेलोज वाकतो आहे असे समजून आधार तपासावेत.

वाहतुकीसाठी लावलेल्या, बहुधा पिवळ्या रंगाच्या पट्ट्या काढल्या आहेत का, हेही पाहावे. त्या तशाच राहिल्या, तर जॉइंट असून नसल्यासारखा.

डोळ्यांनी पाहताना लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) काढलेच पाहिजे. वळ्यांत साचलेली घाण, दबलेल्या जागा, वेल्डिंगचे शिंतोडे आणि पत्र्याच्या जोडाजवळच्या बारीक चिरा पाहाव्यात. शंका आल्यास डाय पेनिट्रंट चाचणी (चिरांत शिरणारा रंग लावून त्या उघड करणारी चाचणी) करावी. क्लोराइडमुळे ऑस्टेनिटिक (बेलोजसाठी सहसा वापरल्या जाणाऱ्या प्रकारच्या) स्टेनलेस स्टीलला पडणाऱ्या चिरा केसासारख्या असतात आणि ओल्या लॅगिंगखाली त्या वर्षानुवर्षे दडून राहतात. अशा चिरेवर वेल्डिंगचा थर चढवण्याचा मोह टाळावा. पातळ पत्रा त्याने आणखी बिघडतो.

हायड्रो टेस्टच्या (यंत्रात पाणी भरून दाब देण्याच्या चाचणीच्या) पाण्याकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते. उन्हाळ्यात टँकर कोणत्या बोअरवेलवरून आला, यावर क्लोराइडचे प्रमाण ठरते; ते मोजून, सर्वसाधारणपणे ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भागांच्या) आत असल्याची खात्री करूनच पाणी भरावे आणि चाचणीनंतर वळ्यांत पाणी न राहू देता बेलोज कोरडा करावा. दाब देण्यापूर्वी आणि चाचणीच्या दाबाखाली वळ्यांमधील अंतर मोजावे. मजबुतीच्या कड्या नसलेल्या बेलोजमध्ये हे अंतर मूळ मापाच्या १.१५ पटीहून वाढले, तर वळ्या बाजूला फाकल्या असे मानतात. तसे आढळल्यास बेलोज पुन्हा वापरात न घेता निर्मात्याला मापे आणि जागेचे छायाचित्र पाठवावे, आणि बेलोजच्या नेमप्लेटवरील क्रमांकासह ही नोंद यंत्राच्या फाइलमध्ये ठेवावी.