मंदीत मालकाने आधी कोणाशी बोलावे?

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी छोटी फाउंड्री आहे. ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आम्ही करतो. चार महिन्यांत ऑर्डरी निम्म्यावर आल्या आहेत, एका मोठ्या ग्राहकाकडे तीन महिन्यांची बिले अडकली आहेत आणि ३२ जणांचा पगार भागवण्यासाठी पत्नीचे दागिने गहाण ठेवावेत, असे मनात घोळते आहे. कामगारांना मी काहीच सांगितलेले नाही, कारण कळले तर चांगले मोल्डर, म्हणजे साचे बनवणारे कारागीर, सोडून जातील. काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दागिन्यांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. १९२४ साली टाटांच्या पोलाद कंपनीकडे पगारापुरतेही पैसे उरले नव्हते, तेव्हा सर दोराबजी टाटा यांनी स्वतःची मालमत्ता आणि लेडी मेहेरबाईंचे दागिने तारण ठेवून इम्पीरियल बँकेकडून कर्ज उभे केले, हे उदाहरण आपल्याकडे नेहमी सांगितले जाते. मात्र त्याच वर्षी परदेशी पोलादावर संरक्षक जकात बसली आणि कंपनीला उभे राहण्यास वाव मिळाला, हा भाग सहसा सांगायचा राहून जातो. तुमचे दागिने दोन पगारांत संपतील आणि अडकलेली बिले तशीच राहतील.

त्या बिलांपासूनच सुरुवात करा. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर करारात काहीही लिहिलेले असले तरी ग्राहकाला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, आणि मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय त्याला आयकरात खर्च म्हणून वजाही मिळत नाही. त्यामुळे खरेदी विभागाकडे खेटे घालण्यापेक्षा थेट लेखा विभागाच्या प्रमुखांना भेटा. ग्राहक ‘ट्रेड्स’ या बिल वटवण्याच्या व्यवस्थेत असेल, तर त्याने मान्य केलेल्या बिलाचे पैसे तुम्हाला त्याने ते चुकते करण्याआधीही मिळू शकतात. तक्रारीचा मार्ग आहे, पण तो शेवटचा.

बँकेकडे हप्ता चुकण्यापूर्वी जा. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादित (एनपीए) ठरते आणि शाखाधिकाऱ्याची इच्छा असूनही त्याचे हात बांधले जातात.

आता कामगारांविषयी, कारण तुमची खरी चूक इथे होते आहे. मोल्डिंग बॉक्स भिंतीशी रचून पडलेले त्यांना रोज दिसतात आणि आठवड्यात भट्टी किती वेळा लागली, हे त्यांना तुमच्याइतकेच ठाऊक असते. तुम्ही बोलत नाही म्हणून त्यांना काही कळत नाही असे नाही. चहाच्या टपरीवर कारखाना बंद पडणार असल्याची चर्चा तुमच्याशिवाय चालू आहे, इतकेच. २०१९ च्या वाहन उद्योगातील मंदीत मी एक कारखाना जवळून पाहिला, जिथे मालक दर सोमवारी हातात असलेल्या ऑर्डरींचे टन फाटकाजवळच्या फळ्यावर स्वतः खडूने लिहीत असत. आकडा घसरला तरी लिहीत. पगार दोन हप्त्यांत होईल, हे त्यांनी दोन्ही तारखांसह सांगितले, स्वतःची उचल आधी बंद केली आणि त्या तारखा पाळल्या. एक-दोघे सोडून गेले. जुने मोल्डर मात्र राहिले.

अशा बैठकीत ऐकूनही घ्या. दिवसाआड भट्टी लावण्यापेक्षा माल साठवून सलग तीन दिवस वितळण घेतले, तर थंड भट्टी पुन्हा तापवण्याची वीज वाचते, आणि हा हिशेब फर्नेसवरच्या माणसाइतका नेमका कोणी सांगू शकत नाही. कमी मागणी बराच काळ टिकेल असे दिसत असेल, तर मंजूर वीजभार कमी करण्याचा अर्जही करून ठेवा, कारण भट्टी बंद असली तरी मागणी आकार, म्हणजे राखून ठेवलेल्या वीजभारासाठीचा आकार, भरावाच लागतो.

एवढे करूनही तूट उरली, तर दागिन्यांचे पाहा. पण ते स्त्रीधन आहे, तेव्हा बिलांची आणि बँकेची सारी कागदपत्रे पत्नीसमोर ठेवा आणि निर्णय त्यांनाच घेऊ द्या.