इंग्रजीचा व्हिडिओ प्रोजेक्ट: एडिटिंगला शून्य गुण ठेवा

मॅडम, तुम्ही विचारलंत की सांगलीत बी.कॉम. भाग दोनच्या 80 जणांच्या वर्गाला इंग्रजीसाठी व्हिडिओ प्रोजेक्ट द्यावा का, आणि पोरांनी नेटवरून उचलून आणलं तर काय करायचं. द्या, बिनधास्त द्या. फक्त विषय जपून निवडा.

'प्रदूषण' किंवा 'सोशल मीडियाचे फायदे-तोटे' दिलंत की उचललेला मजकूर आलाच म्हणून समजा. हल्ली तर चॅटजीपीटी मिनिटात लिहून देतं. त्यापेक्षा सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं (हळद साठवायचे जमिनीखालचे खड्डे), मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, तासगावचा बेदाणा, मिरजेतले तंबोरे करणारे कारागीर असलं काहीतरी द्या. ज्याच्या घरी हळद आहे तो पोरगा एरवी मागच्या बाकावर गप्प असतो. इथे बाकीचे त्याच्या मागे फिरतात.

हळदच घ्या. शिजवायची, उन्हात वाळवायची, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची, मग यार्डात न्यायची. हे इंग्रजीत सांगायला बसलं की कर्ता आपोआप गळतो: 'इट इज बॉइल्ड, देन इट इज ड्राइड.' शाळेपासून आंबा खाणाऱ्या रामाची वाक्यं उलटीपालटी करणाऱ्या पोराला पॅसिव्ह व्हॉइस कशाला लागतो ते इथे कळतं. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, हे सांगताना भूतकाळही येतोच.

मुलाखत मात्र मराठीतच घेऊ द्या. शेतकऱ्याला उगाच इंग्रजीत बोलायला लावायचं नाही. इंग्रजी हवं ते निवेदनात आणि सबटायटलमध्ये. सबटायटलला दोन ओळी, ओळीत साधारण 40 अक्षरं, एवढीच जागा. आजोबा पाच वाक्यं बोलले तर त्यातलं ठेवायचं काय, यावर गटात जी जुंपते ती लांबून ऐकत बसा. मध्ये पडू नका.

निवेदनाची लांबी 3 मिनिटं, बास. सावकाश बोललं तर मिनिटाला 120-130 शब्द बसतात, म्हणजे स्क्रिप्ट फार तर चारशे शब्दांची. ती तुम्हाला लाल पेनाने तपासता येते. दहा मिनिटांचा व्हिडिओ कुणीच तपासत नाही, खरं सांगायचं तर. सहा-सहा जणांचे गट करा आणि प्रत्येकाचा अर्धा मिनिट आवाज सक्तीचा ठेवा. नाहीतर इंग्लिश मीडियमची एक मुलगी सगळं बोलते आणि बाकीचे पाच मोबाइल धरून उभे.

माझ्या मते सगळ्यात जास्त शिकणं होतं ते आवाज रेकॉर्ड करताना. एकच परिच्छेद दहादा मोठ्याने वाचा म्हटलं तर पोरं आपल्याकडे बघत बसतील. पण स्वतःचा आवाज फोनवर ऐकला, 'स्टोरेज'चं 'इस्टोरेज' झालेलं कानाला टोचलं, की न सांगता पुन्हा रेकॉर्ड करतात. शेवटी 'बॉइल्ड'मधला ड्‌ गिळला गेलाय हेही त्यांचं त्यांनाच ऐकू येतं. आपण फळ्यासमोर घसा कोरडा केला तरी हे होत नाही.

20 गुण असतील तर हाताने लिहिलेल्या कच्च्या स्क्रिप्टला 5, दुरुस्त स्क्रिप्टला 5, आवाजाला 5 आणि तोंडी प्रश्नांना 5. एडिटिंगला शून्य, आणि हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. ज्याच्या मामाकडे ड्रोन आहे त्याने खुशाल उडवावा. तोंडीला स्क्रिप्टमधलं एखादं वाक्य दाखवून 'हे कुणी सांगितलं, पुढे काय म्हणाले?' असं इंग्रजीतच विचारा. उचललेलं असेल तर तिथेच उघडं पडतं.

बाकी किरकोळ. रेकॉर्डिंगला पंखा बंद, फोन तोंडाजवळ. मागे सिनेमाची गाणी लावू देऊ नका. ज्याची मुलाखत घेतली त्याची परवानगी आधी घ्या, विशेषतः व्हिडिओ कॉलेजच्या यूट्यूबवर टाकणार असाल तर. फाइल पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर चित्राचा पार चुथडा होतो. आणि तपासलेल्या स्क्रिप्टा पोरांना परत देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, वेळी कागदच मागतात.