तलावाच्या माशाला शिक्का मिळेल का?

प्रश्न : ताई, आमची ढिवर समाजाची मच्छीमार संस्था आहे, मामा (माजी मालगुजारी) तलाव ठेक्यानं घेतो. जर्मनीत शिकणाऱ्या पुतण्यानं तिथल्या माशाच्या पाकिटावर निळा शिक्का पाहिला, एमएससीचा (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचा). ‘मासे संपू न देता पकडले’ याचं ते प्रमाणपत्र, असं तो म्हणतो. ते आम्हाला मिळालं तर भाव वाढेल काय?
– एक सभासद, गोंदिया जिल्हा

उत्तर : भाऊ, शिक्का मिळणं आणि भाव मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा शिक्का भारतात सगळ्यात आधी मिळाला तो २०१४ साली, केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी कायलमधल्या (समुद्राला जोडलेल्या खाऱ्या पाण्याच्या सरोवरातल्या) शिंपल्यांना. या शिंपल्या म्हणजे आमच्या रत्नागिरीकडच्या तिसऱ्याच. (आईच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं आठवलं, पण ते असो.) तिथले लोक होडीतून हातजाळं ओढतात, नाहीतर बुडी मारून हातानं वेचतात. परदेशी मागणी आली तशी उपसा वाढला. १९९१च्या सुमारास वर्षाला १०,००० टनांवर गेलेला माल १९९३पर्यंत निम्म्यावर आला. तेव्हा शास्त्रज्ञांच्या सल्ल्यानं नियम झाले : डिसेंबर ते फेब्रुवारी प्रजननाचा काळ, तेव्हा बंदी, जाळ्याची आस, म्हणजे भोकाचं माप, ३० मिलिमीटरपेक्षा बारीक नको, आणि निर्यातीच्या मांसात किलोला १४००पेक्षा जास्त नग नकोत. नग जास्त भरले म्हणजे पोरवयाच्या शिंपल्या उचलल्या, हे तराजूच सांगतो. मला हा नियम फार आवडतो, त्याला साहेब लागत नाही.

म्हणजे शिस्त आधी, शिक्का वीसेक वर्षांनी. शिवाय मच्छीमार, अधिकारी, शास्त्रज्ञ एकत्र बसतील अशी परिषद तिथे उभी राहिली. माझ्या मते खरी कमाई ती.

आता तुमचं. हा शिक्का निसर्गात वाढलेल्या माशांसाठी आहे, मत्स्यपालनाच्या माशांना तो मिळत नाही. तुम्ही बीज सोडून रोहू-कतला वाढवता, तेव्हा तपासणारा पहिला प्रश्न तोच विचारील. तपासणी बाहेरची संस्था करते, खर्च लाखांत जातो, प्रमाणपत्र ५ वर्षांचं आणि दरवर्षी पुन्हा पाहणी. आणि तुमचा मासा सकाळी निघतो, दुपारपर्यंत बाजारात संपतो. तिथे शिक्का बघतो कोण? शिक्क्याला किंमत येते ती तो मागणारा खरेदीदार असला तर. मच्छीमाराला किती द्यायचे, हे त्या प्रमाणपत्रात लिहिलेलं नसतं.

त्यापेक्षा वही घाला. मी एका संस्थेत वही मागितली तर अध्यक्षांनी शाळेची दोनशेपानी काढली. त्यात उधारी होती, मासे नव्हते! तारीख, कोणतं जाळं, आस किती, रोहू-कतला किती, मरळ किती, झिंगे किती, व्यापाऱ्यानं काय दर दिला, एवढंच लिहा. काट्यावर आपला माणूस बसवा. पावसाळ्यात मरळीची पिल्लं थव्यानं दिसतात तेव्हा तिथे जाळं टाकलं नाही, तर तेही तारखेसकट लिहा.

बर्फाची पेटी आहे का संस्थेकडे? पत्रात तिचा उल्लेख नाही. नसेल तर शिक्क्याच्या आधी ती घ्या, म्हणजे पडेल भावाला विकायची घाई राहणार नाही. वर्षाची वही भरली की मला पुन्हा लिहा.