लो-कार्ब ब्रेड मधोमध खचतो, त्याबद्दल

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंच्या शुगरसाठी ब्रेड मशीनमध्ये ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) आणि जवसाचा ब्रेड लावता, तो मस्त फुगतो आणि भाजताना मधेच खाली बसतो, आत ओलसर राहतो. यीस्टला दोष देऊ नका, यीस्ट चांगलं आहे म्हणूनच तर फुगतोय. गडबड बहुतेक वेळेची आहे. मशीनचा बेसिक प्रोग्रॅम तीनेक तासांचा असतो, त्यात मळणं, फुगवणं, परत मळून परत फुगवणं, सगळं मैद्याच्या हिशोबाने ठरलेलं. आपल्या पिठात मैदा नाहीच, सगळा भार एकट्या ग्लूटेनवर, आणि गोव्यात आपल्या फोंड्याच्या उकाड्यात हे पीठ इतकं भराभर चढतं की भाजायची वेळ येईपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो.

त्यामुळे बेसिक प्रोग्रॅम सोडा. डो प्रोग्रॅमवर फक्त मळून घ्या, मळून झालं की मशीन बंद करा, हाताला तेल लावून पातं काढून टाका (नाहीतर खाली मोठं भोक पडतं) आणि झाकण लावून ठेवा. मग घड्याळ बघू नका, पीठ बघा. भांड्याच्या पाऊण उंचीला आलं की लगेच बेक प्रोग्रॅम, साधारण 50 मिनिटं. मे महिन्यात पीठ लवकर वर येतं, पावसाळ्यात थांबावं लागतं. तुमच्या मशीनला नुसतं बेक नसेल तर टिनमध्ये घालून ओव्हनला 180 डिग्रीवर भाजा.

माझं माप: ग्लूटेन 180 ग्रॅम, जवसाची पूड 75, ओट फायबर 40, दोन अंडी, कोमट पाणी 220 मिली, दोन चमचे लोणी, चमचाभर मीठ, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम आणि एक छोटा चमचा मध. मधाला घाबरू नका, तो यीस्टचं खाणं आहे, बराचसा तेच संपवतं, स्टीव्हियावर यीस्ट जगत नाही. आधी पातळ सगळं, मग कोरडं, यीस्ट सगळ्यात वर. पाच मिनिटं मळून झाल्यावर झाकण उघडून बोट लावून बघा, किंचित चिकटलं पाहिजे पण बोटाला पीठ यायला नको. पावसात पूड आधीच दमट असते, तेव्हा पाणी एकदम ओतू नका, दोन-तीन चमचे मागे ठेवा. जवस तेव्हाच्या तेव्हा दळा, आपल्या हवेत पूड फार लवकर खवट होते.

ओट फायबर म्हणून ओट्सचं पीठ घालत असाल तर मात्र सगळा खटाटोप फुकट, कारण फायबर तुसापासून काढतात, त्यात पचणारे कार्ब्स जवळजवळ नसतात, आणि ओट्सच्या पिठात शंभर ग्रॅमला 60 च्या आसपास असतात. पोईचंही तेच. पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोई, म्हणजे आपला गोव्याचा गोल पाव, कोंडा लावलेली असते म्हणून डायबेटिसवाल्यांना चालते असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण आत पीठच आहे हो! 2023 च्या आयसीएमआरच्या अभ्यासात डायबेटिसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यातच निघालं, 26.4 टक्के, त्यामुळे हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. वरच्या मापाच्या अख्ख्या ब्रेडमध्ये फायबर वजा करून 30 ग्रॅमच्या आत कार्ब्स येतात, 16 स्लाइस पाडले तर स्लाइसला दोनच्या आत.

भाजून झाल्या झाल्या भांड्यातून काढा, आत ठेवला तर वाफेने बाजू मऊ पडून आत ओढल्या जातात. जाळीवर पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही, गरम कापला की आत गिच्चा लागतो आणि तुम्हाला वाटतं कच्चा राहिला. स्लाइस करून फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर ठेवलात तर आपल्याकडे बुरशी यायला वेळ लागत नाही.

आणि सासूबाई इन्शुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या घेत असतील तर पाव बंद करून हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा, कार्ब्स एकदम कमी झाले आणि डोस तोच राहिला तर शुगर फार खाली जाऊ शकते.