पहिली बाटली भरण्याआधी

नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अंबाझरीपासून पारडीपर्यंत नाग नदीचे नमुने घ्यायला निघण्याआधी प्रत्येक बाटलीचा कोड ठरव: ठिकाण, तारीख, क्रमांक. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, २०२६-०६-०७. नुसतं ०६/०७ लिहिलंस तर तो सहा जुलै की सात जून, हे एक्सेल संगणकाच्या सेटिंगवरून ठरवतं आणि तुला सांगतही नाही. कोड बाटली कोरडी असतानाच लिही, तोही बाटलीच्या अंगावर; झाकणं धुताना हमखास अदलाबदल होतात. वहीत आणि फाइलमध्येही तोच कोड हवा.

यंत्रातून आलेली फाइल 'मूळ' फोल्डरमध्ये टाकून लगेच रीड-ओन्ली कर, म्हणजे ती वाचता येईल पण बदलता येणार नाही. आकडेमोड वेगळ्या फाइलमध्ये.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा. शिसं यंत्राच्या शोधमर्यादेखाली, म्हणजे यंत्राला खात्रीने ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाहून कमी आलं, तर शून्य लिहू नकोस, सरासरी खोटी खाली येते. रकाना रिकामा सोडलास तर 'मोजलंच नाही' असा अर्थ होतो. आणि '<०.०१' लिहिलंस तर एक्सेल त्याला मजकूर समजून सरासरीतून गुपचूप वगळतं, म्हणजे नदी आहे त्याहून जास्त दूषित दिसते. म्हणून तीन रकाने कर: मूल्य, 'मर्यादेखाली' असा शेरा, आणि त्या दिवशीची शोधमर्यादा. ही मर्यादा प्रत्येक बॅचला बदलू शकते. तिचं काय करायचं ते विश्लेषणाच्या वेळी ठरव, नोंदवताना नाही.

एकक रकान्याच्या नावातच लिही. नायट्रेटचं तर नक्कीच: पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे, पण नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनच्या हिशेबात तीच सुमारे १० होते. हा ४.४३ पटींचा फरक पुढे कुणालाच उलगडत नाही.

प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रयोगशाळेबाहेर. पेनड्राइव्ह मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. गूगल ड्राइव्हवर आपोआप सिंक होणारं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल उडवलीस की तिथूनही जाते.

पहिली बॅच झाली की फोल्डर शेजारच्या टेबलावरच्या मित्राला दे आणि एका ठिकाणाची सरासरी काढायला सांग. त्याला तुला जे जे विचारावं लागेल, ते त्याच संध्याकाळी रीडमी फाइलमध्ये, म्हणजे फोल्डर समजावून सांगणाऱ्या टिपणात, लिही.