साखरेचा डबा कुलपात, तरी साखर चढतेच

पत्र : डॉक्टर, माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. अकरा वर्षं डायबेटिस आहे, पण कधी त्रास नव्हता. सासरे जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून साखर आटोक्यात येत नाही. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७.१ टक्के असायची, ती आता ९.४ आली. डॉक्टरांनी दोनदा गोळ्या वाढवल्या. आमच्या ह्यांना वाटतं की आई चोरून गोड खातात, म्हणून साखर-गुळाचे डबे कपाटात कुलूप लावून ठेवलेत. त्या रडत नाहीत, काही बोलत नाहीत. रात्री दोन वाजता मात्र उठून ओट्याशी नुसत्या उभ्या असतात. मनाला लावून घेतल्यानं साखर वाढते का?
— एक सून, वाई

उत्तर : आधी ते कुलूप काढा. ज्या बाईनं तीस-पस्तीस वर्षं ते स्वयंपाकघर चालवलं, तिच्यासमोर गुळाचा डबा कुलपात जातो तेव्हा काय वाटत असेल, याचा विचार तुमच्या ह्यांनी केलेला दिसत नाही.

आता तुमचा प्रश्न. हो, वाढते. दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या पेशंटला स्टेरॉइड सुरू केलं की साखर चढते, हे डायबेटिसवाल्या घरांत ऐकून माहीत असतं. कॉर्टिसॉल म्हणजे शरीराचं घरचंच स्टेरॉइड. दुःख, धास्ती, मोडलेली झोप यांत ते वाढतं, जोडीला ॲड्रेनलिनही. दोघं मिळून यकृतातली साठवणीची साखर रक्तात सोडायला लावतात आणि इन्सुलिनची मात्रा चालू देत नाहीत. मागे कुत्रं लागलं तर पळायला ही साखर कामी येते. तुमच्या सासूबाई ओट्याशी उभ्या आहेत. ती साखर जाणार कुठे?

पण ७.१ वरून थेट ९.४, ही सगळी उडी कॉर्टिसॉलच्या नावावर टाकायला मी तयार नाही. मला एक सांगा, आईंना गोळी कोण द्यायचं?

का विचारते, ते सांगते. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात. यजमान गेल्यावर त्यांची साखर अशीच चढली. मी दोनदा डोस वाढवला, पथ्यावरून बोललेसुद्धा. तिसऱ्या खेपेला म्हटलं, उरलेल्या गोळ्या घेऊन या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून आणल्या. टेबलावर मोजल्या, तर सकाळच्या सत्तेचाळीस शिल्लक! सकाळचा चहा यजमान करायचे आणि बशीत कपाशेजारी गोळी ठेवून आणायचे. ते गेले आणि बाईंनी सकाळचा चहाच सोडला. "बशीत गोळी नसते हो आता," एवढंच म्हणाल्या. तीन महिने मी फाइलीत आकडे लिहीत होते. चहा कोण करतं, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

तेव्हा आईंच्या स्ट्रिपा मोजा. पोलिसासारख्या नको, त्यांच्या शेजारी बसून. गोळ्या चुकत असल्या तर लगेच स्वतःच्या हातानं सगळ्या द्यायला लागू नका, हे मात्र नीट वाचा. डॉक्टरांनी वाढवलेला डोस 'गोळ्या घेऊनही साखर चढतेय' असं समजून वाढवलेला असतो. तो अचानक पूर्ण पोटात जाऊ लागला आणि रात्रीचं जेवण नुसतं ताक-भातावर आलेलं असलं, तर साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, भ्रमल्यासारखं बोलणं. म्हातारपणी हे चढलेल्या साखरेपेक्षा लवकर अंगावर येतं. आधी डॉक्टरांना खरा हिशेब सांगा, डोस त्यांना ठरवू द्या. लघवीचं इन्फेक्शन, हिरड्यांतला पू, थायरॉइड हेही त्यांच्याकडून एकदा बघून घ्या. शोकाच्या आड या गोष्टी सहज लपतात.

मग दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खिन्न होतं का? पूर्वी आवडायचं त्यात रस वाटेनासा झालाय का? उत्तर हो आलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. डायबेटिस असलेल्यांत नैराश्य इतरांहून जास्त आढळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या यायला तयार नसतील तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास आणि मोफत. मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही केलात तरी चालतो. जगण्यात अर्थ नाही असं त्या बोलल्या, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणखी एक, जे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. संक्रांतीला हळदी-कुंकवाचं बोलावणं तुम्हाला आलं असेल. त्यांना आलं का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पेपरात सगळ्यांनी वाचला, आळीपर्यंत किती पोचला ते तुम्हीच बघा. जी बाई रोज चार घरी जायची ती घरात बसली की तिचं चालणं थांबतं, बोलणं थांबतं, आणि दोन्हींचा हिशेब साखरेत दिसतो. पुढचं हळदी-कुंकू तुमच्या घरी करा, पहिलं कुंकू त्यांना लावा. त्यांना हवं असेल तरच. जबरदस्तीचा पुरोगामीपणाही नको.

आणि सकाळचा चहा घेऊन कुणीतरी त्यांच्याजवळ बसा. तुमच्या ह्यांना जमेल की, कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच आहे ना?

पत्र : मुलाच्या अपघाताचा फोन आला आणि आत्याच्या छातीत कळ आली. वय ६६. ईसीजी खराब होता, अँजिओग्राफीत मात्र एकही ब्लॉकेज नाही. मुलगा बरा आहे, आत्याही घरी आली. आता भाऊबंद म्हणतात, सगळं नाटक होतं.
— एक भाचा, कराड

उत्तर : नाटक करून ईसीजी बदलता येत नाही, एवढं भाऊबंदांना माझ्या वतीनं सांगा.

कागद न बघता निदान करणार नाही, पण वर्णन ताकोत्सुबोशी जुळतं. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचं वर्णन केलं. ताकोत्सुबो म्हणजे तिकडे ऑक्टोपस पकडायचं मडकं, मान अरुंद आणि पोट फुगलेलं. जबर धक्क्यानं ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा येतो आणि हृदयाचा डावा खालचा कप्पा टोकाशी आकुंचन पावेनासा होतो. तपासणीत तो त्या मडक्यासारखा दिसतो. दहांतल्या साधारण नऊ पेशंट बायका, त्याही बहुतेक पाळी गेलेल्या. काही आठवड्यांत हृदय बहुधा पूर्ववत होतं, पण पहिले काही दिवस जिवावर बेतू शकतं. त्यामुळे पुन्हा कळ आली तर 'टेन्शनच असेल' म्हणत घरी थांबू नका.

इको (हृदयाची सोनोग्राफी) परत झाला का, ते विचारा. डिस्चार्ज कार्डावर 'ताकोत्सुबो' किंवा 'स्ट्रेस कार्डिओमायोपॅथी' लिहिलंय का, तेही बघा. असेल तर आत्याला विचारून त्या ओळीचा फोटो भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.