धार जोरात, तरी इंजिन तापतंय

प्रश्न : काका नमस्कार, मी देवबागचा, कर्ली खाडीत संगमापर्यंत पर्यटकांना घेऊन जातो. फायबरची होडी आहे, मागे 40 हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड. पावसाळाभर इंजिन शेडमध्ये होतं. ऑक्टोबरला काढलं तेव्हापासून फुल रेसवर 15-20 मिनिटं झाली की बझर वाजतो आणि रेस आपोआप पडते. मेकॅनिकने दोनदा इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बदलला, इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार एकदम जोरात येते, तरी तेच. आता म्हणतो अजून एक घालून बघू. काय करू?

उत्तर : दादा, तिसरा इम्पेलर नको, पैसे खिशात ठेवा. बझर वाजतो तेव्हा दिवा कुठला लागतो ते बघितलंत का? फोर स्ट्रोकमध्ये ऑइल प्रेशर पडलं तरी बझर वाजतो आणि रेस अशीच पडते, आणि लोक बिचारे पाण्याचा पंप खोलत बसतात. तर आधी डिपस्टिक काढून तेल बघा.

तेल बरोबर असेल आणि दिवा तापल्याचाच असेल तर मग त्या धारेबद्दल बोलू. तिच्यावर आपण सगळेच जरा जास्त भरवसा टाकतो. बऱ्याच इंजिनांत ते पाणी थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम झालं की उघडणारी पाण्याची झडप) अलीकडूनच बाहेर सोडलेलं असतं, म्हणजे पंप पाणी वर चढवतोय एवढंच धारेवरून कळतं, पुढे ते हेडमधून, म्हणजे सिलिंडरच्या झाकणातून, फिरतंय का अडलंय ते कळत नाही. तुमचा पंप ठीक आहे, घोळ वर आहे. माझा संशय मिठावर आणि थर्मोस्टॅटवर. शेडमध्ये ठेवताना गोड्या पाण्याने आतून धुतलं होतं का ते तुम्ही लिहिलंच नाहीत, मी काय ते समजलो :) आत राहिलेलं खारं पाणी सुकतं, झडपेवर मीठ धरतं, मग ती अर्धीच उघडते. स्लोला तेवढं पाणी पुरतं, फुल रेसला नाही, म्हणून जेटीवर मेकॅनिकसमोर इंजिन अगदी शहाण्यासारखं चालतं.

थर्मोस्टॅट काढा. बोल्ट खाऱ्या हवेने धरलेले असणार, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, नाहीतर डोकं तुटून हातात येतं (माझ्या आलंय, अख्खा रविवार ड्रिल मारण्यात गेला). मग झडपेच्या फटीत दोरा अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर, खाली गॅस बारीक. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन खाली बसतो, तो आकडा मॅन्युअलशी जुळवा. आउटबोर्डचा साधारण 50 ते 60 डिग्रीला उघडतो. गाडीचा 80 च्या आसपास असतो, पण खाऱ्या पाण्यावर इंजिन तेवढं गरम ठेवलं तर आत क्षार धरतात. पाणी उकळलं तरी दोरा सुटत नसेल तर चोर सापडला, नवीन घाला, पॅकिंगही नवीन. थर्मोस्टॅट न घालताच होडी चालवायची आयडिया कोणीतरी देईलच, ऐकू नका, इंजिन थंड राहिलं की पेट्रोल तेलात उतरतं.

आणि थर्मोस्टॅट चांगला निघाला तर? मग मेकॅनिककडून पहिला काढलेला इम्पेलर मागून घ्या आणि पाती मोजा. एखादं कमी असेल तर ते रबर कुठे गेलं? पाण्याबरोबर वर जाऊन कुठल्यातरी वाटेत अडकलंय, ते शोधल्याशिवाय सुटका नाही.

यापुढे खाडीतून आलात की गोड्या पाण्याच्या पिंपात 10-15 मिनिटं स्लोवर चालवत जा. दोन मिनिटं नळी लावून भागत नाही, इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गोडं पाणी हेडमध्ये नीट फिरतच नाही.

प्रश्न : माझं जुनं टू स्ट्रोक किनाऱ्यावर तीन महिने पडून होतं, आता धारच येत नाही. पंप गेला का? (डहाणू)

उत्तर : आधी धारेच्या भोकात बारीक तार घाला. कुंभारीण माशीला असली भोकं फार आवडतात, माती भरून ठेवते. खालची पाणी ओढायची जाळी पण बघा, रेती आणि प्लॅस्टिक तिथेच अडकतं. हे सगळं साफ करून पाण्यात लावलं आणि तरी धार नाही, तर लगेच बंद करा आणि मग पंप खोला. आणि कृपा करून 'एकदा किक मारून बघतो' म्हणत कोरडं चालवू नका, इम्पेलरच्या रबराला वंगण पाण्याचंच असतं, कोरडा तो काही सेकंदांतच जळायला लागतो.